‘जँगो’ची सहावी आवृत्ती आणि फुकट प्रणालीची मुदत

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात ‘जँगो’ या मुक्तस्रोत वेब फ्रेमवर्कची ६.० ही आवृत्ती जाहीर झाली. सर्वसामान्य वाचकाला या नावाशी काही कर्तव्य असण्याचे कारण नाही. मात्र इन्स्टाग्रामची उभारणी याच फ्रेमवर्कवर झाली आणि आयआयटी मुंबईने आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी निवडलेला ‘ओपन एडएक्स’ हा मंचही त्यावरच रचलेला आहे. त्यामुळे नाव न ऐकलेलेही अनेक जण जँगोचे लाभार्थी आहेत. नोंदणी, परवलीचा शब्द, अर्ज भरून घेणे, डेटाबेसमध्ये नोंद करणे ही प्रत्येक संकेतस्थळाला लागणारी कामे दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत, यासाठी तयार असलेला आज्ञावलीचा सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. जँगो ‘पायथन’ या भाषेत लिहिलेले आहे आणि ते कोणीही विनामूल्य वापरू शकतो.

त्याचा जन्म एका वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला, हे फारसे ठाऊक नसते. अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या स्थानिक दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ साली काम करीत होते. सकाळी संपादकांनी मागितलेली सोय संध्याकाळपर्यंत वाचकांसमोर हवी असे. या धावपळीतून जी आज्ञावली घडत गेली, ती जुलै २००५ मध्ये जगासाठी खुली झाली आणि जँगो रेनहार्ट या जाझ गिटारवादकाचे नाव तिला मिळाले. (इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला ‘डी’ उच्चारायचा नाही, हे परदेशात वारंवार समजावून सांगावे लागते. देवनागरीत हा प्रश्नच उद्भवत नाही.) संगणकाचे ज्ञान नसलेल्या बातमीदारालाही माहिती भरता यावी, यासाठी तयार मिळणारे ‘अ‍ॅडमिन’ पान हे जँगोचे आजही सर्वांत लोकप्रिय अंग आहे. त्याचे मूळ वार्ताहरांच्या गरजेत आहे.

नव्या आवृत्तीत तीन गोष्टींची विशेष चर्चा झाली. पानाचा एखादा तुकडा वेगळा ठेवून पुन्हा वापरण्याची सोय ही प्रामुख्याने प्रोग्रामरच्या आरामाची बाब आहे. दुसरी बाब सुरक्षेची. कोणत्या ठिकाणाहून आलेली स्क्रिप्ट चालवावी आणि कोणती नाकारावी, हे संकेतस्थळाला ब्राउझरला बजावून सांगता येते. पानात कोणी परकी स्क्रिप्ट घुसवलीच, तर ब्राउझर ती चालवण्यास नकार देतो. यासाठी पूर्वी वेगळे पॅकेज जोडावे लागे. आता ते मूळ प्रणालीतच आले आहे.

तिसरी सोय सर्वांत गाजली आणि ती अपुरीही आहे. ग्राहकाने खरेदी केली की त्याला ई-मेल पाठवणे किंवा पावतीची पीडीएफ तयार करणे, अशी कामे पडद्यामागे व्हावी लागतात, अन्यथा ग्राहक पानाकडे पाहत ताटकळतो. जँगोकडे यासाठी स्वतःची व्यवस्था नव्हती. बहुतेक जण ‘सेलरी’सारखी बाहेरची आज्ञावली जोडत. ६.० मध्ये असे काम नोंदवण्याची प्रमाणित पद्धत आली. परंतु नोंदवलेले काम प्रत्यक्षात पार पाडणारी यंत्रणा तिच्यासोबत येत नाही. सोबत मिळणारे दोन पर्याय केवळ विकास आणि चाचणीपुरते आहेत. चौकात टपालपेटी बसवली, पण पत्रे उचलणारा पोस्टमन ज्याचा त्याने नेमावा, असा हा प्रकार आहे. पेटी सर्वत्र एकाच मापाची झाली हा लाभ खरा. तरीही ‘आता बाहेरचे काही लागणार नाही’ हा उत्साही प्रचार वस्तुस्थितीला धरून नाही.

या सोयींपेक्षा महत्त्वाची गोष्ट मात्र आवृत्तीसोबत येणाऱ्या वेळापत्रकात आहे. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी निघते आणि तिच्यासोबत कोणती तरी जुनी आवृत्ती निवृत्त होते. ६.० आली तेव्हा ५.१ ची मुदत संपली. दीर्घ पाठबळाच्या आवृत्त्यांना तीन वर्षांचे आयुष्य असते. एप्रिल २०२३ मधील ४.२ साठी ते एप्रिल २०२६ पर्यंत ठरले होते. निवृत्त आवृत्ती बंद पडत नाही, संकेतस्थळ पूर्ववत चालत राहते. म्हणूनच धोका लक्षात येत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जँगोत एक गंभीर त्रुटी उघड झाली. काही परिस्थितीत हल्लेखोराला डेटाबेसकडे जाणाऱ्या आज्ञेत स्वतःचा मजकूर मिसळता येत होता. ५.२, ५.१ आणि ४.२ या आवृत्त्यांसाठी दुरुस्ती तातडीने निघाली. ३.२ ची मुदत एप्रिल २०२४ मध्येच संपली होती, त्यामुळे तिच्या वाट्याला दुरुस्ती आली नाही. जुन्या आवृत्त्यांत तो दोष आहे किंवा नाही, याची तपासणीही प्रकल्पाने केली नाही. त्यांना दोष देता येणार नाही. मुदत त्यांनी आधीच जाहीर केलेली होती.

मग लोक आवृत्ती बदलत का नाहीत? कारण बदल एकट्याने होत नाही. जँगो ६.० ला पायथन ३.१२ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. उबुंटू २२.०४ या सर्व्हरवर सर्रास आढळणाऱ्या कार्यप्रणालीसोबत पायथन ३.१० येते. म्हणजे जँगोसाठी पायथन, पायथनसाठी कित्येकदा कार्यप्रणाली आणि या दोहोंमुळे जोडलेली इतर पॅकेजेस, अशी सगळी साखळी हलवावी लागते. त्यानंतर प्रत्येक पान पुन्हा तपासायचे. आपल्याकडे संकेतस्थळाचे लोकार्पण झाले की देयक निघते आणि ठेकेदार पुढच्या कामाला लागतो. ‘फुकट’ प्रणाली निवडल्याचे समाधान मानणाऱ्या निविदेत या फेरफाराचा खर्च बहुधा धरलेलाच नसतो.

दुरुस्त्या करणाऱ्यांची बाजूही पाहावी लागते. २००८ मध्ये स्थापन झालेली ‘जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था देणग्यांवर चालते. २०१४ पासून ती मोजक्या प्रोग्रामरना मानधन देऊन दैनंदिन देखभाल करवून घेते. उरलेला भार स्वयंसेवकांवर आहे. त्याचा वेग किती, याचा एक दाखला पुरेसा आहे: डेटाबेसमध्ये एकाहून अधिक स्तंभ मिळून प्राथमिक कळ असावी, ही मागणी २००५ साली नोंदवली गेली आणि ती एप्रिल २०२५ मध्ये, ५.२ या आवृत्तीत पुरी झाली. जुन्या आवृत्त्या अनंत काळ सांभाळण्याची अपेक्षा इतक्या थोड्या माणसांकडून कोणत्या हिशेबाने करायची?

म्हणून नव्या आवृत्तीचे स्वागत करताना ती प्रत्येकासाठी नाही, हेही नोंदवायला हवे. ६.० ला सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०२७ पर्यंतच मिळायच्या आहेत. दर आठ-नऊ महिन्यांनी बदल करण्याची तयारी असलेल्या चमूने ती घ्यावी. जेथे संकेतस्थळ एकदा उभारून काही वर्षे हात लावायचा नाही असा रिवाज आहे, तेथे एप्रिल २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळणारी ५.२ हीच अधिक सोयीची, आणि ती उबुंटू २२.०४ सोबतच्या पायथनवरही चालते.