पाल्याची श्रद्धा आणि पालकांची संमती

हिवाळा सुरू झाला की पन्हाळ्यावर शाळांच्या सहलींची रीघ लागते. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी असा फेरफटका होतो, सिद्दी जौहरच्या वेढ्याची हकीगत सांगितली जाते आणि मग पराशर ऋषींनी जेथे तप केले ती गुहा दाखविली जाते. वेढा आणि तप या दोन्ही गोष्टी गुरुजी बहुधा एकाच आवाजात व सारख्याच निश्चयाने सांगतात. त्यात त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु या दोन विधानांची जात वेगळी आहे. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी जौहरला तोफांची मदत केली, याचा पुरावा वखारीच्या पत्रव्यवहारात आहे. तो तपासता येतो, त्यावर वाद घालता येतो, आणि उद्या नवे कागद सापडल्यास मत बदलताही येते. पराशरांच्या गुहेविषयी परंपरा काय म्हणते, एवढेच सांगता येते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हा फरक कळणार नाही असे समजण्याचे कारण नाही. मात्र त्याने 'हे कशावरून?' असे विचारले, तर वेढ्याच्या बाबतीत तो हुशार ठरतो आणि गुहेच्या बाबतीत आगाऊ.

मुलांच्या धार्मिक शिक्षणाचा प्रश्न निघाला की पालकांचा पक्ष ठरलेला असतो: संस्कार आम्ही करायचे नाहीत तर कोणी? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते उडवून लावणारे सुधारक घर कशाला म्हणतात हे विसरतात. भाषा, चवी, गाणी, सणवार हे सारे मूल घरातूनच घेते. धर्म तेवढा वगळून त्याला वाढविणे शक्य नाही आणि बहुधा इष्टही नाही. पन्हाळ्यापासून हाकेच्या अंतरावर वाडी रत्नागिरीला चैत्र पौर्णिमेस सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर माखतो आणि 'चांगभलं'चा गजर होतो. बापाच्या खांद्यावर बसून ते पाहणाऱ्या पोराच्या आनंदाला पुराव्याची जरुरी नाही. तो त्याच्यापासून हिरावून घ्यावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तक्रार आहे ती त्यापुढच्या पायरीविषयी. शंका घेणे हे पाप आहे, विचारलेस तर देव कोपेल, घरावर संकट येईल, असे जेव्हा मुलाला सांगितले जाते, तेव्हा संस्कार संपलेला असतो आणि दहशत सुरू झालेली असते.

गंमत अशी की, ज्या कथा सांगून मुलांना भाविक बनविण्याचा खटाटोप चालतो, त्यांतल्या कितीतरी कथांचे नायक वडीलधाऱ्यांना न जुमानणारी मुले आहेत. प्रल्हादाची कथा भक्तीचा आदर्श म्हणून घरोघर सांगतात. पण त्या कथेत हिरण्यकशिपूने मुलाच्या शिक्षणाची रीतसर व्यवस्था केली होती. शुक्राचार्यांचे पुत्र शंड आणि अमर्क यांच्याकडे त्याला सोपविले होते आणि घराण्याला मान्य असलेलेच ज्ञान त्याला मिळावे असा बापाचा कटाक्ष होता. मुलाने ते नाकारले. नचिकेत्याचे तसेच. म्हाताऱ्या, आटलेल्या गाई दान देऊन पुण्य कसे मिळेल, असे मनात येऊन 'मला कोणाला देणार?' असा प्रश्न त्याने बापाला भर यज्ञात विचारला, आणि बापाने रागाच्या भरात त्याला मृत्यूच्या हवाली केले. कठोपनिषद उभे आहे ते एका मुलाच्या नको त्या वेळी विचारलेल्या प्रश्नावर. हीच कथा सांगून झाल्यावर 'उलट बोलू नये' असे घरातल्या नचिकेत्याला बजावणारे वडील विरळा नाहीत.

खुद्द पन्हाळ्याकडे या बाबतीत आणखी एक दाखला आहे. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये याच गडावर झाला. पंतांनी रामकथा एकदा सांगून हात जोडले नाहीत. ती शंभराहून अधिक प्रकारांनी सांगितल्याची ख्याती आहे, आणि त्यांतले निरोष्ठ रामायण तर ओष्ठ्य वर्णांचा स्पर्शही न होऊ देता रचलेले आहे. पंत निष्ठावंत भाविक होते, यात शंका नाही. तरीही एकच कथा नाना तऱ्हांनी घडविता येते, हे त्यांनी करून दाखविले. मुलाच्या हाती मात्र कथेचे एकच रूप दिले जाते आणि तेच अक्षरशः खरे मानण्याचा आग्रह धरला जातो.

हा आग्रह कोल्हापूरच्या मातीत तरी निर्विवाद चालू नये. १८९९ मध्ये वेदोक्त प्रकरण उद्भवले तेव्हा शाहू महाराजांसारख्या सत्ताधीशालाही धर्माचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न विचारण्याची किंमत मोजावी लागली. महाराज नास्तिक नव्हते. आर्य समाजाला त्यांनी आश्रय दिला, सत्यशोधकांना बळ दिले, १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे पीठही निर्माण केले. त्यामुळे त्यांना निरीश्वरवाद्यांच्या पंक्तीला बसविणे हा अप्रामाणिकपणा होईल. परंतु १९१७ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल माझे, त्याचे काय करायचे ते मी ठरवीन, या पालकाच्या दाव्याला त्या दंडाने मर्यादा घातली. पालकाच्या इच्छेपलीकडे मुलाचे स्वतःचे असे काही हित असते, आणि ते राखण्यासाठी पालकाला अडविणे हे अधर्माचे कृत्य नव्हे, हे तत्त्व या भागात शंभर वर्षांपूर्वीच मान्य झाले आहे.

राज्यघटनेने ते अर्ध्यावर आणून सोडले. केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते सक्तीने देता येत नाही, असे अठ्ठाविसावे कलम सांगते. मात्र विद्यार्थी अज्ञान असल्यास संमती द्यायची ती पालकाने. मुलाचे मत विचारण्याची सोय तेथे नाही. १९९२ मध्ये भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याच्या चौदाव्या कलमात मुलाचे विचारस्वातंत्र्य मान्य केले असून, पालकांनी मुलाच्या वाढत्या समजुतीला धरून त्याला मार्गदर्शन करावे असे म्हटले आहे. वाढत्या समजुतीला धरून, हे शब्द आपल्या शाळांच्या व्यवहारात कोठेही उतरलेले दिसत नाहीत. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडविण्यात आली. तो शिक्षक प्रौढ होता, कायदा जाणत होता, म्हणून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकला आणि २०१३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याच प्रार्थनेत उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाने कोठे जावे?

धर्मांविषयी शिकविणे आणि धर्म शिकविणे यांतला भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या खटल्यात मान्य केला. त्याआधी कोठारी आयोगानेही तो केला होता. भेद योग्य आहे, पण शाळेत तो पाळला जाणे अध्यापकाच्या तयारीवर अवलंबून आहे. २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात भगवद्गीता व मनाचे श्लोक यांच्या पाठांतराचा उल्लेख आला, तेव्हा वाद झाला तो हवे की नको एवढाच. पाठांतराने वाणी शुद्ध होते, हे मान्य. पण अर्थ विचारणाऱ्याला, न पटणाऱ्याला वर्गात जागा कोणती, याची चर्चा दोन्ही बाजूंनी टाळली.

शाळेने विषय टाळला म्हणून मूल कोरे राहते, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. ती जागा आता हातातल्या मोबाइलने घेतली आहे. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात जो हिंसाचार झाला, त्याचे निमित्त मोबाइलवरचे 'स्टेटस' होते. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. पन्हाळ्यावर पराशरांची गुहा आहे तसा साधोबाचा दर्गाही आहे, आणि पिराच्या नावाला 'बा' जोडून लोकांनी त्याला आपलासा केला आहे. दोन्ही ठिकाणी माणसे काय मानतात, का मानतात आणि त्यात पुराव्याचा भाग किती, हे शांतपणे समजावून घेतलेल्या मुलाला भडकविणे अवघड जाते. ज्याला फक्त आपले तेवढे खरे असे शिकविले, त्याला उरलेले शिकवायला बाहेर पुष्कळ गुरू टपलेले आहेत.

शंका असलेली बहुतेक मुले बंड करीत नाहीत. ती हात जोडतात, ओठ हलवितात आणि गप्प राहतात. २०१३ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. विचारणाऱ्यांचे काय होते, हे मुलांच्याही कानावर आलेले आहे. घरात वाद नको म्हणून शिकलेले हे मौन पुढे नोकरीत, लग्नात, सभेत उपयोगी पडते, आणि त्यालाच व्यवहारज्ञान असे नाव मिळते.

मुलाचे नाव शाळेत घालताना वडील अर्जात धर्माचा रकाना भरतात. तेव्हा मूल सहा वर्षांचे असते. तेथून तो शब्द हजेरीपटाबरोबर आणि दाखल्याबरोबर त्याच्या मागे चालत राहतो. कोणत्याही नागरिकाला आपला धर्म सांगण्याची सक्ती शासन करू शकत नाही आणि 'कोणताही धर्म नाही' असे लिहिण्याचा त्याला हक्क आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. तो रकाना मुलगा किंवा मुलगी सज्ञान झाल्यावर स्वतः भरील किंवा कोरा ठेवील, अशी तरतूद करण्यास शिक्षण खात्याला मोठा खर्च येणार नाही. आरक्षण आणि शिष्यवृत्त्या यांसाठी जातीची नोंद लागते, ती वेगळ्या प्रमाणपत्राने होतेच.