सही आपली, बजेट त्यांचं

जुम्याच्या नमाजनंतर आमच्या मशिदीत चंद्याचा हिशेब वाचून दाखवतात. मागे एकदा मोटर दुरुस्तीच्या अडीच हजारांवर एका बुजुर्गांनी हरकत घेतली. पावती कुठंय? मिस्त्री कोण होता? मोटर तर पारसालच बसवली होती ना? पंधरा मिनिटं वाद चालला. मला ते आवडलं. पैसा चार लोकांचा असेल तर चार लोकांनी विचारलंच पाहिजे.

मग मनात आलं, अडीच हजारांसाठी भांडणारे आपण गावाच्या लाखोंच्या बजेटबद्दल कधी तोंड उघडतो का? मी स्वतःपासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी बिलोली परिसरातल्या एका खेड्यात मी शिकवायला होतो. २ ऑक्टोबरची ग्रामसभा होती. आम्ही मुलांना घेऊन गेलो, प्रतिमेला हार घातला, भाषणं झाली. मग हजेरीचं रजिस्टर फिरलं. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. कुणीतरी भरभर विषय वाचले, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज आला आणि चहा झाला.

जानेवारीत मी पंचायतीत गेलो. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह होतं, पण पाणी नव्हतं. सातवीतल्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जायच्या, त्यातल्या काही परत यायच्याच नाहीत. नळाची एक लाइन हवी होती. मला सांगण्यात आलं, “सर, हे काम आराखड्यात नाही.” मी विचारलं, आराखडा कधी झाला? रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं गेलं. “तुमची सही आहे की.”

बी.एड. झालेला माणूस. मुलांना रोज सांगतो, वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. आणि मी न वाचता सही केली होती. त्या मुलींच्या पाण्याविरुद्ध एक मत माझंही पडलं होतं.

साहेब लोक कायम म्हणतात, “आम्ही बोलावतो हो, लोकच येत नाहीत.” हे अर्धसत्य आहे. लोक का येत नाहीत, हेही सांगा. सभेची नोटीस चिकटते फळ्यावर, आदल्या दिवशी. त्यात भाषा कोणती? आरंभीची शिल्लक, लेखाशीर्ष, पुनर्विनियोजन. मराठी शिकवणाऱ्या मलाच दोनदा वाचावं लागतं. आमच्या भागात घरात कुणी दखनी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी कन्नड. त्या बायाबापड्यांनी यातून काय समजायचं? आणि सगळं ठरवून झाल्यावर विचारत असाल तर त्याला मशवरा म्हणत नाहीत. त्याला कळवणं म्हणतात.

कायदा मात्र गरिबाच्या बाजूनं बराच बोलतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. पंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. म्हणजे आमच्या मुलींच्या नळासाठी पैशाचा मार्ग होता. मागणारं कुणी नव्हतं.

शहरांची गोष्ट तर आणखी अवघड. खेड्याला निदान ग्रामसभा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. बिलोली, देगलूर, धर्माबादसारखी नगर परिषदेची गावं त्यात कुठं बसणार? २००९ साली राज्यानं कायदा दुरुस्त करून शहरांसाठी ‘क्षेत्रसभा’ आणली. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेची तशी अटच होती. कागदावर आणली, एवढंच. क्षेत्रसभेत बसून आलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. भर म्हणजे २०२२ च्या आसपासपासून राज्यातल्या अनेक नगर परिषदांवर प्रशासक बसले आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत तिथं विचारायला नगरसेवकही नव्हता.

होऊ शकतं, हे पुण्यानं दाखवलंय. तिथली महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून आपल्या भागातल्या छोट्या कामांचे अर्ज मागवते आणि ती कामं बजेटमध्ये घेते. तिथंही तक्रारी आहेत. अर्ज भरणारे थोडे, आणि काम नाकारलं तर कारण कळत नाही. पण निदान अर्ज तरी आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरानं हे १९८९ मध्ये सुरू केलं, केरळनं १९९६ मध्ये योजनेचा पैसा लोकांच्या सभेपर्यंत नेला. मराठवाड्यातल्या छोट्या गावाला एक साधा छापील अर्ज देणं कुणाला जड आहे?

आमच्या लोकांना बजेट कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी २०१८ साल आठवावं. धर्माबाद तालुक्यातल्या सरपंचांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली होती. त्यांनी पलीकडच्या शेतकऱ्याला, म्हाताऱ्याला काय मिळतं आणि आपल्याला काय मिळतं, याचा हिशेब मांडला होता. दोन राज्यांची बजेटं शेजारी ठेवून वाचणारे ते अडाणी नव्हते. आपल्या राज्यात विचारायची जागा नव्हती म्हणून त्यांनी राज्यच सोडायची भाषा केली.

आता आपल्याकडे बघू. मुस्लिम मोहल्ल्याची मागणी कधी निघते? निवडणूक आली की. काय मागतो? कब्रस्तानची भिंत, शादीखाना. भिंत हवीच, माझेही वडीलधारे तिथंच आहेत. पण अल्पसंख्याकबहुल शहरी भागांसाठीच्या राज्याच्या योजनेत पाणी, रस्ते आणि दिवेही बसतात. मेलेल्यांच्या भिंतीसाठी चार वेळा गेलो, जिवंत मुलींच्या नळासाठी किती वेळा गेलो? “अपनी कौन सुनता?” म्हणून घरी बसणं सोपं आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. तो हातात धरून आपण भाषणं खूप केली. वॉर्डातल्या शाळेचा आकडा हातात धरून सभेत उभे कितीजण राहिलो?

त्या खेड्यात पुढं काय झालं ते सांगतो. पुढच्या वर्षी महिला सभेला मुलींच्या आया गेल्या. त्या दखनीत बोलल्या, मी मराठीत अर्ज लिहून दिला. आम्ही पोच घेतली आणि हट्टानं ठराव क्रमांक मागून घेतला. जूनमध्ये नळ आला. टाकी राहिली, तिच्यासाठी पुन्हा भांडावं लागलं. पण आता त्या बायांना ठराव क्रमांक म्हणजे काय ते ठाऊक होतं.

म्हणून सांगतो, वेळ पाळा. खेड्यात आराखडा ऑक्टोबरपासून ठरू लागतो. नगर परिषदेचं बजेट साधारण फेब्रुवारीत मंजूर होतं. एप्रिलमध्ये गेलात तर गाडी सुटलेली असते. डिसेंबरातच मोहल्ल्यात बसा, दहा नव्हे, एकच काम ठरवा, मराठीत लेखी द्या, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार २००५ चा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि विचारा, आमच्या अर्जाचं काय केलं, नाकारला तर का. बजेटची माहिती मागण्याआधीच जाहीर करणं याच कायद्याच्या कलम ४ नुसार त्यांचं काम आहे.

आणि ज्यांना चार अक्षरं येतात, त्या माझ्यासारख्या मास्तरांनी अर्ज लिहून द्यावेत. रजिस्टर पुढं आलं की आधी मागचं पान उलटून वाचावं. सही त्यानंतर.