बाहुलीच्या पोटातलं रबर

आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की भिंतीतल्या कपाटापाशी थबकतं. वरच्या कप्प्यांत पुस्तकं आणि खालच्या दोन कप्प्यांत बाहुल्या. मग हळूच चौकशी होते, नात केवढी आहे म्हणून. नात नाही, नातू आहे, आणि तो बाहुल्यांना हात लावत नाही. बाहुल्या आमच्याच. रेल्वेत चौतीस वर्षं फिटर म्हणून हात काळे केलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाच्या. पाहुणा कसनुसा हसतो आणि चहाच्या कपाकडे वळतो. लोणावळ्यात आमच्या आळीला आम्हाला "बाहुलीवाले" म्हणतात. पूर्वी राग यायचा, आता हाकेला ओ देतो.

हा छंद आम्ही हौसेनं लावून घेतला नाही. तो आईच्या पत्र्याच्या पेटीतून निघाला.

आई बंगल्यावर भांडी-धुणी करायची. लोणावळा-खंडाळ्याला मुंबईकरांचे बंगले फार, आणि आमच्यासारख्या कित्येक घरांच्या चुली त्या बंगल्यांच्या कामावर पेटल्या, हे मावळातल्या वाचकांना सांगायला नको. १९७१ साली, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, आईच्या एका मालकिणीनं बंगला विकायला काढला. सामान आवरताना तिनं आईला एक बाहुली दिली. "मुलीला दे," म्हणाली. आमची ताई तेव्हा नऊ वर्षांची, आम्ही सात.

ताईला ती बाहुली मिळाली नाही. आईनं ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, पेटीत तळाशी घातली आणि कुलूप लावलं. शेजारच्याच बंगल्यावर महिनाभरापूर्वी एका बाईला चांदीच्या चमच्यावरून चौकीत बसवून ठेवलं होतं. चमचा नंतर मालकाच्याच घरात सापडला. ते आईनं पाहिलेलं. "उद्या कुणी विचारलं, ही विलायती वस्तू तुझ्या घरात कशी, तर काय कागद दाखवू?" एवढंच ती म्हणायची. मालकीण बंगला विकून गेली, तिचा पत्ता नाही, आणि दिल्याची साक्ष नाही. कुलूप तसंच राहिलं.

आई गेल्यावर पेटी उघडली. लुगडं सोडलं तर बाहुली नव्हतीच. डोकं एकीकडे, धड एकीकडे, हात-पायांचे आठ-दहा तुकडे, लाकडाच्या गोळ्या, आणि सगळ्यांना चिकटलेला काळा डिंकासारखा राप. आमची मंडळी म्हणाली, टाकून द्या. पण तुकडे तपासताना फिटरच्या हाताला ओळख पटली. गुडघ्याला लाकडाची गोळी, तिच्या दोन्ही अंगांना खोबण्या. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात "उखळीचा सांधा" असतो ना, खांद्याचा आणि खुब्याचा? तोच. आणि तो काळा राप म्हणजे विरघळून गेलेलं रबर.

अशा बाहुलीला खिळा नाही, स्क्रू नाही. डोक्याच्या आत एक आकडा, त्याला ताणलेलं रबर पोटातून खाली जातं आणि पायांना धरतं. दुसरं रबर खांद्यातून आरपार, एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत. त्या ताणावर सगळे अवयव एकमेकांवर दाबून बसतात, म्हणून ती बसते, उभी राहते, हात वर केला तर तसाच ठेवते. बाहेरून काही दिसत नाही. रबराला मात्र वय असतं. वाळतं, तडकतं, नाहीतर वितळतं. सांधे शाबूत असले तरी बाहुली कोसळते. म्हणून आमचा पहिला धडा हा की जुनी सांध्यांची बाहुली "मोडली" म्हणून टाकू नये. बहुतेक वेळा तिचं रबरच फक्त मेलेलं असतं.

दुसरा धडा आमच्या अंगावर आला. शिवणाच्या दुकानातून गोल इलॅस्टिक आणलं आणि गाडीचं कपलिंग आवळावं तसं आवळलं. डोकं खटकन मानेच्या काठावर बसलं आणि नखाएवढा टवका उडाला. ते डोकं बिनचकाकीच्या चिनी मातीचं, भट्टीत भाजलेलं. त्याला ताण हवा, पण बेताचा, आणि मानेच्या खोबणीत मऊ चामड्याची चकती हवी. पुढे उत्साहाच्या भरात साबणाच्या पाण्यानं डावा पाय धुतला. ते अंग म्हणजे कागदाचा लगदा, भुसा आणि सरस, वरून रंग. पाणी लागताच पापुद्रे सुटले. तो पाय आजही तसाच आहे. रंगवून टाका, असं पुष्कळांनी सुचवलं. आम्ही रंगवला नाही. चूक दिसलेली बरी.

डोक्यामागे, केसांखाली, ठसा होता. जर्मनी, आर्मांड मार्सेल, ३९०. झालं! आळीत बातमी पसरली की आईच्या पेटीत लाखाची बाहुली निघाली. एका पाहुण्यानं तर गिऱ्हाईकही आणलं. पुण्याला जुन्या बाजारात नेऊन दाखवली, तर तिथल्या माणसानं पाचशे रुपये सांगितले. आम्हाला वाटलं, हा लुटतोय. पुढे वाचून कळलं की तो कमी सांगत होता, पण लाखाची बातही खोटीच. ३९० हा साचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढची तीसेक वर्षं अफाट संख्येनं निघाला. जुनी म्हणजे दुर्मिळ नव्हे, हे ज्याला कळलं त्याचे पैसे वाचतात.

त्या वाचनातच दुसरी गोष्ट हाती लागली, आणि ती आम्हाला किमतीपेक्षा मोठी वाटते. हा कारखाना जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात, झोनेबेर्ग गावाच्या जवळ. त्या सगळ्या भागात खेळणी बनत. १९०१ साली तिथं खेळण्यांचं संग्रहालयही उभं राहिलं. पण खेळणी सगळी कारखान्यात बनत नसत. घरोघर बनत. कुणाच्या घरी अंगं साच्यात दाबायची, कुणाच्या घरी डोळे, कुणाकडे केस, कुणाकडे कपडे. नगावर मजुरी, आणि ती इतकी कमी की आई-बाप आणि पोरं रात्री दिव्याखाली बसत. आपल्याकडे सिन्नरला, सोलापूरला बायका घरी विड्या वळतात, अगदी तसं. श्रीमंताच्या मुलीची बाहुली गरिबाच्या मुलीनं घडवली, आणि तीच फिरून लोणावळ्यात एका मोलकरणीच्या पेटीत येऊन पडली. हे वाचलं त्या रात्री आम्ही बराच वेळ ते डोकं हातात घेऊन बसलो होतो.

तिथून नाद लागला. जुन्या बाजारातून दोन जपानी सेल्युलॉइडच्या बाहुल्या आल्या. त्यांना घासलं की कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. ते इतकं ज्वालाग्राही असतं की स्वयंपाकघराच्या जवळही ठेवू नये. ज्यांच्या घरी चूल, स्टोव्ह आणि झोपायची जागा एकाच खोलीत, त्यांनी तर घेऊच नयेत. सावंतवाडीहून लाकडी खेळणी आणली. जवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ती बाहुली वरच्या दोऱ्यानं नाचते, आमची जर्मन बाहुली पोटातल्या रबरानं उभी राहते. युक्ती तशी फार जुनी. हडप्पा संस्कृतीतला मान हलवणारा मातीचा बैल शाळेच्या पुस्तकात सर्वांनी पाहिला असेल.

मग आमची भाची मैदानात उतरली. तळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करते. एके दिवशी मोबाईलवर चित्र दाखवत म्हणाली, "मामा, तुमच्या जर्मन म्हातारीची ही नात बघा." खरंच होतं ते. व्होल्क्स नावाच्या जपानी कंपनीनं १९९९ साली "सुपर डॉल्फी" काढली. सुमारे दोन फुटांची, अंग पॉलियुरेथेन रेझिनचं, पण आतला हिशेब तोच, गोळी, खोबणी आणि ताणलेलं इलॅस्टिक. डोळे बदलता येतात, केस बदलता येतात, चेहरा आपल्या हातानं रंगवता येतो. पुढे कोरिया आणि चीनमध्येही पुष्कळ कारागीर उभे राहिले. मागणी आली की ओतायची, म्हणून महिनोन् महिने वाट पाहावी लागते. मोठ्या मापाची बाहुली, वाहतूक आणि जकात धरून, पन्नास हजार सहज ओलांडते.

भाचीनं ती अकरा हजारात मिळवली. दिवाळीचा सगळा बोनस गेला. पाच महिन्यांनी खोकं आलं. प्रमाणपत्र नाही, सांधे खरखरीत, गुडघ्याची गोळी खोबणीत डुगडुगते. अस्सल बाहुलीवरून चोरून साचा घेऊन ओतलेली नक्कल होती ती. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. दाजी भडकले, "अकरा हजारात घरात दोन महिन्यांचा किराणा आला असता." भाची म्हणाली, "बोनस माझा होता." दोघांचंही खरं. आम्ही मध्ये पडलो आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. छंद हा पैसेवाल्यांचा मक्ता आहे, असं आम्ही कधी म्हणणार नाही. पोरीनं उसने काढले नव्हते, एवढं आमच्या लेखी पुरे आहे. पण अर्ध्याहून कमी किंमत सांगितली की आधी कारागीर कोण ते विचारावं. नक्कल घेतली की मूळ कारागिराच्या पोटावर पाय येतो, हे तिला आता आमच्यापेक्षा जास्त कळतं.

ती बाहुली तिनं टाकली नाही. गोळ्या पॉलिशपेपरनं घासून बसवल्या. इथं एक सांगून ठेवतो. रेझिनची भुकटी छातीत जाणं वाईट. ओलं करून घासावं, तोंडाला चांगला मास्क लावावा, लहान मूल जवळ नसावं. तिच्या चेहऱ्याचा रंग टिकावा म्हणून वरून स्प्रे मारतात, तोही विषारी, उघड्यावरच मारायचा. आणि हवेत दमट असेल तर त्यावर पांढरं धुकं धरतं, म्हणजे लोणावळ्यात जून ते सप्टेंबर चार महिने ते काम बंदच. उन्हानं रेझिन पिवळं पडतं. गडद रंगाचा कपडा नुसता घालून ठेवला तरी डाग उतरतो. आमच्याकडच्या पावसात भिंतीला पाझर असतो, तेव्हा बाहुल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, बुरशी येते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून दूर ठेवाव्यात, आणि दहा-पंधरा दिवसांनी उघडून सावलीत वारा द्यावा. लहानग्यांना जुन्या बाहुल्या चोखायला देऊ नयेत, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन आम्ही पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि आयुष्यभर घरातल्याच वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, दारं. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. अशा माणसाबद्दल आदरच वाटतो. भाची एका अडकित्त्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, हा कुठल्या काळचा ते कळतं. पण ह्यानं सुपारी कोण कातरत होतं?" उत्तर कोण देणार? वस्तू टिकते, हात टिकत नाहीत.

परत येताना लोकलमध्ये तिनंच वहीची कल्पना काढली. दोनशे पानी वही. एका बाहुलीला एक पान. कुठून आली, कुणी दिली, काय पडलं, काय दुरुस्त केलं, कुणाच्या हातून काय बिघडलं. जर्मन बाहुलीच्या पानावर आम्ही लिहिलं: "१९७१, बंगल्याच्या मालकिणीनं आईला दिली. आईनं पेटीत ठेवली. रबर नवं घातलं. मानेला टवका आणि डाव्या पायाचा रंग, आमच्या हातून. उजव्या हाताची करंगळी नाही, मुळातच नसावी." आईला जो कागद हवा होता, तो पन्नास वर्षांनी तिच्याच मुलानं लिहिला. त्यावर कुणाची सही-शिक्का नाही, हे आम्हालाही कळतं.

वैशाखात ताई कामशेतहून आली. त्रेसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी बेजार. एवढ्या वर्षांत बाहुलीबद्दल ती आईला किंवा आम्हाला एक शब्द बोललेली नाही. आम्ही बाहुली काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं तिचा गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "हिचे बरे चालतात," म्हणाली. मग चष्मा मागितला आणि वहीचं पान वाचलं. सावकाश, बोट ठेवून. वाचून झाल्यावर म्हणाली, "पेन दे."

चौथीपर्यंतचं तिचं शिक्षण. अक्षर मोठं, वळणदार. आमच्या ओळीखाली तिनं लिहिलं: "आई पाण्याला गेली की किल्ली काढून मी खेळायची. करंगळी माझ्याकडून मोडली. ओढ्यात टाकली."

पेन बंद करून तिनं विचारलं, साडेपाचची लोकल वेळेवर आहे का.