ईदच्या खरेदीतले बनावट दुकान

तरावीहनंतर घराघरांत ईदच्या खरेदीचा विषय निघतो. आता मोहम्मद अली रोडला जाण्याआधी बोट मोबाईलवर जाते. नामांकित दुकानाचे नाव, तेच बोधचिन्ह, शरारा अर्ध्या किमतीत. संकेतस्थळाच्या पत्त्यात मात्र एखादे अक्षर जादा. वर्षभर साठवलेले पैसे जातात, कापड येत नाही. मग ग्राहक इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतो आणि अनेकदा तिथेही ठगच बसलेला असतो. तो ‘रिफंड’साठी यूपीआय पिन टाकायला सांगतो. खात्यात पैसे येण्यासाठी पिन लागतच नाही, एवढे घरातल्या अम्मीला माहीत असले तरी दुसरा फटका टळतो.

मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबरांनी (स.) आतला ओलावा उघड केला होता. मोबाईलवरच्या ढिगात हात घालता येत नाही. म्हणून फॉरवर्ड आलेली लिंक दाबू नये. दुकानाचे अ‍ॅप स्वतः उघडून तिथे तीच सवलत आहे का, ते पाहावे.

फसगत झालीच, तर घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने गप्प राहणे सर्वांत महाग पडते. १९३० या क्रमांकावर लगेच कळवले, तर रक्कम पुढे सरकण्याआधी बँकेत रोखली जाऊ शकते. त्यासाठी सहरीची वाटही पाहू नये.