झिकाची लस अजून का आली नाही?

कोरोनानंतर एक वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं, 'आता काय, कुठल्याही आजाराची लस वर्षभरात बनते.' तसं असेल तर झिकाची लस कुठे आहे?

जयपूरमध्ये 2018 साली झिकाची साथ आली. सप्टेंबरमध्ये तिचा पहिला रुग्ण शास्त्री नगर भागात सापडला. बघता बघता राजस्थानात दीडशेहून जास्त जणांना लागण झाल्याचं तपासण्यांतून समोर आलं. त्यांत कित्येक गर्भवती होत्या. या विषाणूची जनुकीय तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत झाली. पुढे जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला पहिला रुग्ण आढळला आणि जून 2024 मध्ये पुण्याच्या एरंडवणे भागात झिका पुन्हा दिसला. तरीही आजवर जगात कुठेच झिकाची मंजूर लस नाही.

धोका कोणाला?

झिका झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. काहींना हलका ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी होते आणि आठवडाभरात बरं वाटतं. खरा धोका पोटातल्या बाळाला असतो. गरोदरपणात लागण झाली तर बाळाच्या मेंदूची आणि डोक्याची वाढ खुंटू शकते. प्रत्येक बाळाला असं होतंच असं नाही, पण आईला त्रास नसतानाही होऊ शकतं. म्हणूनच ही लस हवी आहे.

तंत्र आहे, मग अडलं कुठे?

पूर्वी लशीसाठी विषाणू प्रयोगशाळेत वाढवून त्याला निष्प्रभ किंवा कमजोर करावं लागे. आता एमआरएनए लशीत विषाणूच्या एका भागाची फक्त 'कृती' शरीराला दिली जाते. आपल्या पेशी त्या कृतीवरून तो भाग बनवतात आणि शरीर त्याला ओळखायला शिकतं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या अशाच कोरोना लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकते. अहमदाबादच्या झायडसने 2021 मध्ये बिनसुईची डीएनए लस आणली.

या दोन्ही पद्धतींनी झिकाच्या लशीही बनवून पाहिल्या आहेत. पण लस खरंच आजार रोखते का, हे कळण्यासाठी आजार आजूबाजूला पसरलेला असावा लागतो. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना तेव्हाच होते. कोरोना सगळीकडे होता, म्हणून उत्तर काही महिन्यांत मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2017 मध्ये झिकाच्या डीएनए लशीची अनेक देशांत चाचणी सुरू केली, पण तोवर साथच ओसरली होती.

आणखी दोन अडचणी आहेत. ज्यांना लस सर्वांत जास्त हवी त्या गर्भवतींवर चाचणी करताना फार जपावं लागतं. शिवाय झिका हा डेंग्यूचा जवळचा नातलग. झिकाच्या लशीमुळे पुढे होणारा डेंग्यू जास्त तीव्र तर होणार नाही ना, हे तपासावं लागतं.

याउलट डेंग्यू आपल्याकडे दरवर्षी येतो. त्यामुळे आयसीएमआर आणि पॅनासिया बायोटेक यांना ऑगस्ट 2024 मध्ये दहा हजारांहून जास्त लोकांवर भारतीय डेंग्यू लशीची चाचणी सुरू करता आली.

डासावरच इलाज

डेंग्यू आणि झिका पसरवणारा डास एकच, एडिस. त्याच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू सोडला की हे विषाणू त्याच्यात नीट वाढत नाहीत. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी झाला. पुद्दुचेरीच्या आयसीएमआर केंद्रानेही असे डास तयार केले आहेत.

तोपर्यंत आपण काय करायचं?

• आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचं गणित.
• कूलर, पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी (जयपूरकरांचा परिंडा) नुसतं ओतू नका, घासून काढा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात.
• हा डास दिवसा चावतो. घरात गर्भवती असेल तर दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा. अंगाला लावायचं डासरोधक क्रीम डॉक्टरांना विचारून निवडा.
• गरोदरपणात ताप किंवा पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका.
• झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. साथीच्या भागातून आलेल्या पतीने पत्नी गरोदर असेपर्यंत निरोध वापरावा.
• आरोग्यसेविका टाक्या तपासायला आल्या तर दार उघडा. तुमचं घर स्वच्छ असलं तरी शेजारच्या टाकीतला डास तुमच्याकडे येतोच.

लस येईल तेव्हा येईल. या रविवारी कूलर मात्र घासून घ्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर शेजाऱ्यांनाही आठवण करा. भेटूया पुढच्या भागात!