मावळत्या धूमकेतूचा पाठपुरावा

त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू २७ सप्टेंबर २०२४ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ आला आणि १२ ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवरून गेला. त्या आठवड्यात सूर्यास्तानंतर पश्चिमेला तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. नंतर तो झपाट्याने मंदावला. हौशी निरीक्षकांचे सर्वांत मोलाचे काम सुरू होते ते तेव्हापासून.

धूमकेतू सूर्यापासून दूर जाऊ लागला की त्याच्या बर्फाची वाफ होणे मंदावते, धूळ व वायू कमी सुटतात. शिवाय तो पृथ्वीपासूनही लांब जात असतो. तेज असे दुहेरी घटते. ते मोजायला चिकाटी लागते. बायनॉक्युलरचा फोकस मुद्दाम हलवून, तेजस्विता ठाऊक असलेले तारे धूमकेतूच्या धूसर पुंजक्याएवढे पसरवायचे आणि दोहोंची तुलना करायची. छायाचित्रासाठी अनेक फ्रेम धूमकेतूच्या केंद्रावर जुळवून एकावर एक रचतात. त्यात तारे रेघांसारखे ओढले जातात, पण डोळ्यांना न दिसणारी शेपटी उमटते. महिनोन्‌महिने केलेल्या अशा नोंदींमुळेच तेजाच्या आलेखाची उतरती बाजू पूर्ण होते. मोठ्या दुर्बिणींना एकाच धूमकेतूसाठी रोज रात्री वेळ देता येत नाही.