जहाजाचं कोठीघर

नौदल म्हटलं की आपल्याला तोफा आठवतात. कोठीघर कुणालाच आठवत नाही. डाळ-तांदळापासून यंत्राच्या सुट्या भागांपर्यंत सारा हिशेब पुरवठा अधिकाऱ्याचा. सगळं वेळेवर मिळालं तर त्याचं नाव निघत नाही (घरातल्या बाईसारखंच म्हणा ना!), उणं पडलं की मात्र शिव्या. ब्रिटिश नौदलात १७९७ साली स्पिटहेडला खलाशी बिथरले, तेव्हा पगारवाढीबरोबर पुरत्या सोळा औंसांचा पौंडही त्यांनी मागितला होता. जहाजावरचा कोठावळा गळतीच्या नावाखाली चौदाच औंस मोजून देई! मालाडच्या मार्व्याला 'आयएनएस हमला'वर ही विद्या शिकवली जाते. तिकडे निघालेल्या मुलामुलींना 'लढायचं सोडून दुकान सांभाळणार?' असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. भर समुद्रात पीठ संपलं, तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे कुणाला पाठवणार?